सोमवारचा उपास

रेवणकरांच्या घरात तीन पिढ्यांत कुणी सोमवार धरला नव्हता. डॉ. कुंदा रेवणकरला तो धरावा लागला, आणि तोही चंद्रावर येऊन.

शीतकुंड तळावरच्या दवाखान्यात दर सोमवारी सकाळी सहा वाजता ती उपाशीपोटी खुर्चीत बसायची. तिच्या दंडात कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढा, रक्तातली साखर मोजणारा एक शर्करावेधी बसवलेला होता. समोरच्या खुर्चीत तळाचा पाणी-अभियंता सिद्राम हत्तरकी बसायचा. त्याच्या दंडातही तसाच दाणा होता, एकाच दिवशी, एकाच प्रयोगशाळेत, एकाच द्रावणातून काढलेला. भिंतीवरचं यंत्र दोन्ही दाण्यांचे संदेश घ्यायचं, दोन मिनिटं गप्प राहायचं आणि मग सांगायचं, “मानकदेह, नव्वद. मापशुद्धी पूर्ण.”

मग सिद्राम उठून चहा टाकायचा. तिच्या कपात दोन चमचे साखर, स्वतःच्या कपात काहीच नाही. “घ्या बाई, सोडा उपास,” म्हणून तो कप पुढे करायचा. नऊ माणसांच्या त्या तळावर सण असे नव्हतेच, त्यामुळे हा चहा दोघांनाही सणासारखा वाटायचा.

तळप्रमुख इक्बाल मुकादम नंतरच्या यानानं आले. मूळचे रत्नागिरीचे, खाणीत आयुष्य गेलेलं, नियमाला पक्के. पहिल्याच सोमवारी ते दवाखान्याच्या दारात उभे राहिले.

“डॉक्टर, साखर यांना आहे. मग उपास तुम्ही का करताय?”

कुंदा हसली. “कारण माप मी आहे.”

“म्हणजे?”

“बोटाला टोचून बघायच्या पट्ट्या माहीत आहेत ना? त्यांच्यावर एक विकर असतं, ते साखर ओळखतं. इथल्या किरणोत्सारात ते विकर दोन महिन्यांत मरतं. पहिल्या वर्षी आणलेल्या सगळ्या पट्ट्या फेकाव्या लागल्या. रक्ततपासणीच्या यंत्रातही तेच विकर, त्याचीही तीच गत. दाण्यातलं विकर चिवट आहे, मरत नाही, पण थकतं. आज शंभराला शंभर म्हणेल, तीन महिन्यांनी शंभराला सत्तर म्हणेल. ते किती थकलंय हे कळलं तर हिशोब दुरुस्त करता येतो.”

“मग दाणा बाहेर काढून साखरेच्या पाण्यात बुडवून बघा की.”

“बाहेर काढला तर संपलाच तो. म्हणून त्याचा जुळा भाऊ निरोगी माणसाच्या दंडात ठेवायचा. दोघं एकाच वेगानं थकणार. माझी उपाशीपोटीची साखर सहा महिने पृथ्वीवर रोज मोजली, नव्वदच्या आसपासच. कधी दोन वर, कधी दोन खाली. एकशेसाठ जणांतून मला निवडलं ते त्यासाठी. आता सोमवारी माझा दाणा समजा साठ म्हणाला, तर यंत्र समजतं, नव्वदचे साठ झाले. तेवढ्याच पटीनं ते सिद्रामचा आकडा वाढवून घेतं, आणि त्या आकड्यावर त्याचा पंप त्याला इन्सुलिन देतो.”

“आणि तुमचीच साखर हलली तर?”

“सहा महिन्यांत हलली नाही ती.”

“सायेब, आमच्या बाई म्हंजी धर्मकाटा हाय,” सिद्राम चहा ओतता ओतता म्हणाला. “बाजारपेठेत एक असतो बगा. बाकी सगळे त्याच्याकडं बघून आपलं माप लावत्यात.”

कुंदाला ते फार आवडलं. तिचे वडील कुडाळला वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. ते म्हणायचे, तराजू खोटा असला तर गिऱ्हाईक ओरडतं, पण वजनच खोटं असलं तर कुणी ओरडत नाही. हे वाक्य तिला शंभरदा ऐकून पाठ झालं होतं. पाठ झालेल्या वाक्यांचं होतं तेच त्याचंही झालं, त्याचा अर्थ कधीच गळून गेला होता.

*

पाचव्या महिन्यापासून एक नवल घडू लागलं. सिद्रामला इन्सुलिन कमी लागू लागलं.

आधी दिवसाला चाळीस एककं लागायची. ती चौतीस झाली, मग अठ्ठावीस, मग बावीस. यंत्रावर त्याची साखर मात्र छान एकशेदहाच्या आसपास. आणि दुसरं नवल म्हणजे दाणे थकायला तयार नव्हते. एव्हाना ते निम्म्यावर यायला हवे होते, पण दर सोमवारी कुंदाचा दाणा पहिल्या दिवशीइतकाच ठणठणीत संदेश द्यायचा. शर्करावेधी बनवणाऱ्या प्रयोगशाळेनं आनंदानं अभिनंदनाचा निरोप धाडला.

कुंदानं निबंध लिहिला. चंद्राच्या सहाव्या हिश्श्याच्या गुरुत्वात शरीराची इन्सुलिनची गरज निम्म्यावर येते, असा त्याचा निष्कर्ष. वाचलेल्या इन्सुलिनच्या कुप्यांचा तक्ता सोबत जोडला. पृथ्वीवर तो निबंध वाचून मोठमोठ्या माणसांनी तिला पत्रं लिहिली. पुढच्या यानात मधुमेह असलेले दोन तंत्रज्ञ पाठवायचं ठरलं, आणि तिच्या निबंधाच्या भरवशावर त्यांच्यासोबत इन्सुलिनही निम्मंच द्यायचं ठरलं. बावन्नाव्या वर्षी, जिल्हा रुग्णालयात पंचवीस वर्षं घासल्यावर, कुणीतरी तिला शास्त्रज्ञ म्हणत होतं. तिला ते सुख झालं, आणि ते तिनं लपवलंही नाही. निबंधाची प्रत तिनं सिद्रामला वाचून दाखवली.

त्यानं सगळं ऐकलं. मग जीभ ओठांवरून फिरवून म्हणाला, “बाई, एक बोलू का? मला साखर चढल्यासारखं वाटूलालंय.”

“एकशेआठ आहे तुझी. आत्ता बघितली.”

“ते खरं वो. पण मी हिला नवव्या वर्षापास्नं वळखतो. आधी तोंड चिकट हुतंय, जीभ टाळूला लागती. मग तहान, मग तासातासाला लघवी. मग डोळ्यापुढं धुकं. पायाच्या पोटऱ्यांत गोळे. आमच्या मैंदर्गीला आई मोरीत मुंग्या बघून सांगायची, सिद्राम, आज चढलीय रे तुझी. आता समदं तसंच हाय. हितं मुंग्या न्हाईत, एवढंच.”

कुंदानं चष्मा काढून पुसला. हल्ली तो सारखा धूसर व्हायचा. “हवा कोरडी आहे सिद्राम. तहान मलाही लागते.” समोरची बाटली उचलून ती दोन घोट प्यायली. “माणसाला आपल्या शरीराचे भास होतात. यंत्राला होत नाहीत.”

“होय की,” तो म्हणाला. तो वाद घालणाऱ्यांतला नव्हता. तो वाद घालणाऱ्यांतला असता तर बरं झालं असतं, असं कुंदाला पुढे कितीदा वाटणार होतं.

त्याच आठवड्यात त्याच्या आईचा फोन होता. पृथ्वीवरून आवाज यायला सव्वा सेकंद लागतो, जायला सव्वा सेकंद, त्यामुळे बोलणं अडखळत चालायचं. म्हातारी मुलाशी बोलली आणि मग म्हणाली, जरा डॉक्टरबाईंना द्या.

“बाई, त्याचं तोंड सुकूलालंय का वो? बोलताना जीभ चिकटल्यागत येतंय.”

“नाही हो आई. उलट तुमच्या लेकाचा आजार निम्मा बरा झालाय इथं. मी त्यावर लिहिलंय.”

अडीच सेकंद गेले. “तुमी बगताव म्हंजी मला काळजी न्हाई,” म्हातारी म्हणाली.

*

बर्फ खणणारं मोठं यंत्र बिघडलं आणि तळावर पाण्याची कपात सुरू झाली. माणशी रोज चार लिटर. प्रत्येक नळाला मोजणी. फक्त दवाखान्याचा नळ मोकळा होता, कारण रोग्याला पाणी मोजून द्यायचं नाही असा नियम होता.

पंधरवड्यातच पाण्याचा मेळ बसेना. साठ्यातून रोज आठ-नऊ लिटर जास्त जात होते. त्यात सांडपाणी शुद्ध करणारं जलचक्र सारखं तुंबायचं. त्याच्या गाळणीवर बुळबुळीत पांढरट थर धरायचा. दर महिन्याला काढावी लागणारी गाळणी आता चार दिवसांनी काढावी लागत होती. जलचक्र सिद्रामच्या ताब्यात होतं, तेव्हा बोटं त्याच्याकडेच वळली. मग लागवडघराची प्रमुख ग्लोरिया डिमेलो हिनं त्याला रोपांच्या टाकीतून तांब्याभर पाणी पिताना पाहिलं. ग्लोरिया वसईची, मनानं चांगली, पण तिची रोपं मरायला टेकली होती. तिनं सांगून टाकलं.

मुकादमांनी सगळ्यांना जेवणघरात बोलावलं.

“हत्तरकी, पाणी घेतलंत?”

“घेतलं सायेब. ऱ्हावत न्हाई.”

“किती?”

“दिवसाला चार-पाच लिटर जास्त झालं असंल.”

“जातंय नऊ. बाकीचं?”

“बाकीचं मला ठावं न्हाई. खोटं कशाला बोलू?”

“पाण्याच्या माणसानंच पाणी प्यायचं. कुंपणच शेत खातंय मग,” कुणीतरी मागून बोललं.

सिद्रामनं मान खाली घातली. चाळिशीचा बाप्या माणूस, त्याचे डोळे भरून आले. मुकादम तसे निर्दय नव्हते. ते कुंदाकडे वळले. “डॉक्टर, यांना तहान लागायला काही वैद्यकीय कारण आहे का? असेल तर विषय इथंच मिटला.”

सगळ्यांची तोंडं तिच्याकडे वळली. सिद्रामचंही. कुंदानं हातातल्या फलकावर आकडा पाहिला. “एकशेबारा,” ती म्हणाली. “साखर उत्तम आहे. कारण दिसत नाही.”

सिद्रामच्या खोलीचा नळ बंद झाला. त्याचे चार लिटर मोजून बाटलीतून दिले जाऊ लागले. जेवताना त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. कुंदा दवाखान्यात परतली तेव्हा तिचा घसा बोलून बोलून कोरडा पडला होता. तिनं नळ सोडून एक पेला भरला, मग दुसरा.

तिथंच तिनं अंगठ्यावरची पट्टी बदलली. एक कुपी फोडताना काच लागली होती, त्याला पाच आठवडे झाले. चांद्रधूळ जखमा भरू देत नाही, हे तिचं नेहमीचं म्हणणं. पँटची नाडी तिनं आणखी बोटभर आवळली. चंद्रावर माणसं बारीक होतात, हेही तिचंच म्हणणं होतं.

*

तीन दिवसांनी सिद्राम एक बरणी घेऊन आला. भिंतीला धरून धरून आला. बरणीत गाळणीवरून खरवडलेला थर होता.

“बाई, वास घ्या.”

तिनं घेतला. आंबवलेल्या पिठाचा वास.

“ही बुरशी हाय. बुरशी कशावर वाढती? साखरेवर. आणि सांडपाण्यात साखर येती कुठनं? तोंड धुतल्यावर येत न्हाई, हात धुतल्यावर येत न्हाई. लघवीतनंच येती. मुंग्या न्हाईत म्हणलं होतो मी. पण बुरशी हाय की वो! तिनं मुंग्यांचं काम केलं बगा.”

कुंदानं बरणी पुन्हा नाकाशी नेली. हे भासाचं बोलणं नव्हतं.

“पट्ट्या नाहीत. यंत्र तर सांगतंय सगळं ठीक आहे. कसं बघायचं?” ती स्वतःशीच म्हणाली. आणि मग तिला कॉलेजातला प्रयोगशाळेचा म्हातारा परिचर आठवला. विकराच्या पट्ट्या येण्यापूर्वीची पद्धत त्यानं गंमत म्हणून दाखवली होती. मोरचूद, धुण्याचा सोडा आणि लिंबाचं सत्व यांचं निळंशार पाणी करायचं, त्यात आठ थेंब लघवी टाकून उकळायचं. साखर नसेल तर निळं राहतं. असेल तर हिरवं, पिवळं, आणि फार असेल तर विटेसारखं लाल होतं. त्यात विकर नाही, दाणा नाही, मापशुद्धी नाही.

मोरचूद ग्लोरियाकडे होतं, रोपांवर फवारायला. लिंबाचं सत्व सिद्रामकडे होतं, नळ्यांतला क्षार काढायला. सोडा धुलाईघरातून आला. दुपारी दवाखान्यात चौघं जमली. मुकादम हाताची घडी घालून भिंतीला टेकले. न्यायाला पक्का माणूस, खात्री पटली तर नळ लगेच सोडणार होता.

कुंदानं दोन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत सिद्रामची लघवी. आणि दुसरीत तिची स्वतःची.

“तुमची कशाला?” ग्लोरियानं विचारलं.

“नुसती एक नळी बघून काय कळणार? शेजारी निरोगी माणसाची हवी. माझी निळी राहील, मग याची लाल झाली तर मानायचं.” हे ती किती सहज बोलली! आठ महिने ती तळाचं माप होती, इथंही तीच माप होणार यात कुणालाच काही नवल वाटलं नाही.

दोन्ही नळ्या उकळत्या पाण्यात सोडल्या. चौघंही वाकून पाहत राहिली. सिद्रामची नळी हिरवी झाली, पिवळी झाली, नारिंगी झाली आणि विटकरी होऊन थांबली. त्यानं सुस्कारा टाकला. “बगा,” एवढंच तो म्हणाला. तीन आठवड्यांत कुंदानं त्याच्या तोंडावर पाहिलेलं ते पहिलं हसू होतं.

आणि मग शेजारची नळी पिवळी झाली. नारिंगी झाली. विटकरी झाली.

ग्लोरिया एकदा या नळीकडे, एकदा त्या नळीकडे पाहू लागली.

“म्हणजे आता काय?” मुकादमांनी विचारलं.

“म्हणजे द्रावण बिघडलंय,” कुंदा हळूच म्हणाली. तिला खरंच वाईट वाटत होतं. “फवारणीच्या मोरचुदात काहीतरी भेसळ असणार. हे पाणी काहीही टाकलं तरी लाल होतंय. सिद्राम, हा प्रयोग बाद धरावा लागेल रे.”

“आन् न्हाईतर मग बाई तुमालाच साखर झाली म्हणायची!” सिद्राम म्हणाला.

सगळी हसली. कुंदाही हसली. सिद्रामही हसला, कारण विनोद त्याचाच होता आणि त्याला तो खरा वाटत नव्हता. धर्मकाटा त्यानंच तर तिला म्हटलं होतं.

कुंदानं दोन्ही नळ्या ओतून टाकल्या. उरलेल्या निळ्या पाण्याची बाटली तिनं कपाटात मागे सारली.

*

पाचव्या दिवशी सिद्राम उठला नाही. तो लांब, खोल, भरभर श्वास घेत होता, धावून आल्यासारखा. तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत होता, पण त्याच्या हातांना नळ्या धुवायच्या द्रवाचाही तसाच काहीसा वास नेहमी असायचा. यंत्र म्हणालं, एकशेचार.

विद्यार्थीदशेत हा श्वास कुंदानं प्रश्नपत्रिकेत लिहिला होता. जिल्हा रुग्णालयात वीस वेळा पाहिला होता. तिच्या मनात ते नाव आलंही, साखर चढून रक्त आंबट होण्याचं. तिनं यंत्राकडे पाहिलं आणि ते नाव मनातून काढून टाकलं. एकशेचार साखरेला रक्त आंबट होत नाही. मग उरलं काय? फुप्फुसात गेलेली चांद्रधूळ. तिनं प्राणवायू लावला, प्रतिजैविक दिलं आणि फुप्फुसाची सूज उतरावी म्हणून स्टेरॉईड दिलं. स्टेरॉईडनं साखर आणखी चढते हे तिला माहीत होतं. एकशेचारच्या माणसाला तेवढं चालतं, असं तिनं ठरवलं. अशक्तपणा फार दिसला म्हणून सलाईनमध्ये ग्लुकोजही सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्रामनं एकदा डोळे उघडले. “पाणी,” तो म्हणाला. तिनं चमच्यानं पाजलं. “आज सोमवार का? उपास सोडला का बाई?” त्यानं विचारलं. तो गुरुवार होता. ती हो म्हणाली.

दुपारी तो गेला. पंपाची शेवटची नोंद होती साखर एकशेचोवीस.

त्याला तळाबाहेर, जिथं ऊन कधीच पोचत नाही अशा सावलीत, यान येईपर्यंत ठेवलं. कुंदानं मैंदर्गीला फोन केला. चांद्रधुळीनं गेला, असं सांगितलं. अडीच सेकंद गेले, आणखी अडीच सेकंद गेले. मग म्हातारीनं विचारलं, “शेवटाला तहान लागली होती का वो त्याला?”

कुंदानं संपर्क तुटल्यासारखं केलं.

*

जलचक्र आता ग्लोरियाकडे आलं. तिनं सगळ्या नळ्या धुतल्या, गाळणी नवी घातली. अकराव्या दिवशी ती दवाखान्यात आली तेव्हा तिच्या हातात सिद्रामचीच ती बरणी होती, पुन्हा भरलेली.

“डॉक्टर, गाळणी परत तुंबली. तोच थर, तोच वास.”

“नीट धुतली नसशील.”

“मी सोड्यानं उकळून धुतली. आणि पाणीही जातंय अजून, रोज चार लिटर. मी मुकादमांना सांगितलं नाही, आधी तुमच्याकडे आले.” ती थांबली. तिनं बरणी टेबलावर ठेवली. “सिद्रामभाऊ म्हणाला होता ना, मुंग्यांचं काम बुरशी करते म्हणून. तो तर गेला. मग ही साखर कुणाची?”

कुंदाच्या हातात पाण्याचा पेला होता. तिनं तो पाहिला. सकाळपासूनचा तो कितवा, ते तिला आठवेना. दवाखान्याच्या नळाला मोजणी नव्हती.

तिनं पेला खाली ठेवला आणि कपाटात हात घालून मागे सारलेली निळी बाटली काढली. तीन परीक्षानळ्या घेतल्या. पहिलीत तिनं नुसतं शुद्ध पाणी टाकलं. पहिल्या वर्षाच्या पोरानं सर्वात आधी जे केलं असतं, ते तिनं एका माणसाचा जीव गेल्यावर केलं. दुसरीत ग्लोरियाची लघवी, तिसरीत स्वतःची.

पाच मिनिटांनी पहिली नळी निळी होती. दुसरीही निळी. तिसरीकडे तिनं पाहिलं नाही. ग्लोरियानं तोंडावर हात नेला, त्यावरूनच तिला कळलं.

द्रावण चांगलं होतं. पहिल्या दिवसापासून चांगलं होतं.

मग बाकीचं सगळं आपोआप समजत गेलं, आणि कुंदा ते मोठ्यानं बोलत गेली, कारण मनात ठेवणं शक्य नव्हतं. दाणे थकत होते. ठरल्याप्रमाणे, महिन्यामहिन्यानं, दोन्ही सारखेच. पण त्याच महिन्यांत तिची साखर चढत गेली होती, नव्वदची दीडशे, दोनशे, अडीचशे. थकलेला दाणा जास्तीच्या साखरेला पहिल्यासारखाच संदेश द्यायचा. यंत्राला वाटायचं, मानकदेह नव्वदवर आहे आणि दाणे ताजे आहेत. सिद्रामचा थकलेला दाणा तीनशेला एकशेदहा म्हणायचा, आणि यंत्र ते खरं मानायचं. पंप हात आखडता घ्यायचा. त्याची गरज कमी झाली नव्हती. त्याला इन्सुलिन मिळत नव्हतं, एवढंच. त्यावर तिनं निबंध लिहिला होता.

“तहान, धूसर चष्मा, ही न भरणारी जखम, हे वजन,” तिनं अंगठा पुढे केला. “त्यानं एकूण एक लक्षण मला सांगितलं होतं, ग्लोरिया. आणि मी त्याच्यासमोर बसून पाणी पीत होते.”

“तुम्हाला कसं कळणार होतं? तुमचं तर नेहमी नव्वदच येतं.”

“माझं दुसरं काही येऊच शकत नव्हतं,” कुंदा म्हणाली. “मी मेले असते ना, तरी शेवटच्या सोमवारपर्यंत नव्वदच आलं असतं.”

मुकादमांना तिनं स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी टेबलावरची पाण्याची नोंदवही मिटली. “मी त्याचा नळ बंद केला,” ते म्हणाले. “तुम्ही विचारलंत,” कुंदा म्हणाली, “उत्तर मी दिलं.” मग दोघांनी मिळून पृथ्वीला निरोप धाडला. निबंध रद्द समजा, निष्कर्ष खोटा आहे, दोन्ही तंत्रज्ञांना पाठवू नका. यान सुटायला नऊ दिवस होते. त्या दोन्ही तंत्रज्ञांची नावं यानातून काढली गेली. दुसरा फोन तिनं मैंदर्गीला लावला, आणि तो कितीही लांबला तरी या वेळी तोडला नाही.

*

सोमवारी सकाळी सहा वाजता ती उपाशीपोटी खुर्चीत बसली. समोरची खुर्ची रिकामी होती. तिच्या हातातली परीक्षानळी विटकरी होती.

यंत्र दोन मिनिटं गप्प राहिलं. “मानकदेह, नव्वद. मापशुद्धी पूर्ण.”

ती उठून शीतपेटीकडे गेली. आत एकेचाळीस कुप्या ओळीनं उभ्या होत्या. निबंधाच्या तक्त्यात तिनं त्यांना ‘बचत’ असं नाव दिलं होतं. यान येईपर्यंत एका माणसाला त्या पुरणार होत्या. प्रत्येक कुपीवर चिठ्ठी होती, सि. हत्तरकी, पाणी विभाग. तिनं एक काढली, सुईत औषध ओढलं आणि पोटाला चिमटा धरून टोचून घेतलं. नळीचा रंग उद्या हिरव्याकडे सरकला तर मात्रा बरोबर, नाहीतर आणखी दोन एककं वाढवायची.

मग तिनं स्वतःच चहा टाकला. हात सवयीनं साखरेच्या डब्याकडे गेला, आणि तिनं तो मागे घेतला.